अचानक तोंड वाकडं झालं तर: काय करायचं, कोणत्या क्रमानं आणि काय टाळायचं

चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कडेनं गळतं. आरशात पाहावं तर हसू एकाच गालावर गोळा झालेलं, आणि एक डोळा मिटता मिटत नाही. असं झालं की पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांचे सारखेच जातात. ‘वारं लागलं असेल’ म्हणून शेक, मग मालीश, मग कुणी सांगितलेले तोंडाचे व्यायाम. आणि फरक पडेना म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर. हा क्रम उलटा आहे. औषधाचा खरा उपयोग पहिल्या तीन दिवसांत होतो आणि व्यायामाची वेळ त्यानंतर येते. डोळ्याची काळजी तर पहिल्या रात्रीपासूनच घ्यावी लागते, पण सगळ्यांचं लक्ष तोंडाकडे असल्यामुळे नेमकी तीच राहून जाते.

अशा लकव्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे बेल्स पाल्सी. मेंदूतून निघणारी सातवी नस, म्हणजे चेहऱ्याची नस, कानामागच्या हाडातल्या एका अरुंद नळीतून बाहेर येते. तिथे तिला सूज आली की बोट सुजल्यावर अंगठी रुतावी तशी ती त्या नळीत दाबली जाते आणि त्या बाजूचे स्नायू लुळे पडतात. बहुतेकांचा चेहरा पूर्ववत होतो. परंतु वाकडं झालेलं प्रत्येक तोंड बेल्स पाल्सीचंच असतं असं नाही, म्हणून सुरुवात तिथून करायची.

## टप्पा १: पहिली पाच मिनिटं – हा मेंदूचा झटका तर नाही?

रुग्णाला बसवा आणि समोर बसून चार गोष्टी करायला सांगा.

१. भुवया वर उचलून कपाळाला आठ्या घालायला सांगा.
२. दोन्ही हात समोर सरळ धरून, डोळे मिटून दहा सेकंद थांबायला सांगा. एक हात आपोआप खाली येतो का ते पाहा.
३. एखादं साधं वाक्य बोलायला लावा. ओठ वाकडे असल्यामुळे उच्चार थोडा फुसका होईल, ते चालेल. शब्द न सापडणं, भलतंच बोलणं किंवा आपण बोललेलं न समजणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे.
४. धरून उभं करा आणि दोन पावलं चालवा. तोल जातो का, पाय ओढला जातो का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का हे विचारा.

चेहऱ्याच्या वरच्या भागाला, म्हणजे कपाळाला, मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश मिळतात. त्यामुळे बिघाड मेंदूच्या एका बाजूला असेल तर तोंडाचा खालचा भाग लोंबतो, पण कपाळाला आठ्या दोन्हीकडे पडतात. बिघाड चेहऱ्याच्या नसेत असेल तर त्या बाजूचं कपाळही गुळगुळीत राहतं, भुवई उचलत नाही आणि डोळा नीट मिटत नाही.

या कपाळाच्या चाचणीवर लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात, असं माझं मत आहे. लकवा सौम्य असेल तर आठ्यांमधला फरक घरच्या उजेडात कळतही नाही. शिवाय मेंदूच्या खालच्या खोडातल्या झटक्यात कपाळही लुळं पडू शकतं. म्हणून ही तपासणी फक्त एवढंच ठरवण्यासाठी: रुग्णवाहिका बोलवायची, की आज स्वतःहून डॉक्टरांकडे जायचं. ‘उद्या बघू’ हा तिसरा पर्याय यात नाही.

लगेच आपत्कालीन विभागात न्या: हाता-पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, दुहेरी दिसणं, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी, गिळताना ठसका, गुंगी, किंवा कपाळ ठीक आणि फक्त खालचा चेहरा लोंबलेला. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि रुग्णालयात तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारतील. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर ‘सकाळी सहाला’ असं सांगू नका. झोपायला जाताना ठीक होता तीच वेळ सांगा.

टाळा: संशय झटक्याचा असेल तर तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालू नका. घरी अॅस्पिरिन देऊ नका. झटका रक्तस्रावामुळे आला असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

## टप्पा २: निघण्यापूर्वीची तयारी

यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही, पण ती दहा मिनिटं पुढचे कित्येक महिने उपयोगी पडतात.

व्हिडिओ. चांगल्या उजेडात, समोरून, फोन दुसऱ्याच्या हातात देऊन. आधी चेहरा स्थिर, मग भुवया वर, डोळे हलके मिटलेले, डोळे घट्ट मिटलेले, दात दाखवून हसणं, शेवटी ओठांचा चंबू. स्वतःच स्वतःचा काढणार असाल तर एक खबरदारी घ्या. बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा डावं-उजवं उलटं करतो, म्हणून कोणती बाजू लुळी आहे ते व्हिडिओत तोंडानं सांगा. महिन्याभरानं ‘काहीच फरक नाही’ असं वाटायला लागलं की हाच पहिला व्हिडिओ खरं काय ते सांगतो.

टिपण. पुढच्या प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून घ्या:

- पहिलं लक्षण कधी दिसलं, आणि अशक्तपणा पूर्ण व्हायला किती तास किंवा दिवस लागले?
- कानामागे किंवा कानात दुखतं का? ऐकू कमी येतं का? की उलट साधे आवाजही कानठळ्या बसवतात?
- कानात, कानाच्या पाळीवर, टाळूवर किंवा जिभेवर पाण्याचे फोड आहेत का? चक्कर येते का?
- कान वाहतो का? कानाचं ऑपरेशन किंवा डोक्याला मार अलीकडे लागला आहे का?
- गोचीड चावल्याचं किंवा अंगावर पसरत जाणाऱ्या लाल चट्ट्याचं आठवतं का?
- मधुमेह, उच्च रक्तदाब, काचबिंदू, पोटातला व्रण, क्षयरोग, कावीळ, मानसिक आजार यांपैकी काही आहे किंवा होऊन गेलं आहे का? गरोदरपण आहे का, नुकतीच प्रसूती झाली आहे का?
- सध्या चालू असलेली सगळी औषधं, काढे आणि चूर्णंसुद्धा.

मधुमेह आणि गरोदरपणाचे शेवटचे महिने या दोन्ही स्थितींत बेल्स पाल्सी होण्याची शक्यता जास्त असते. औषधाचा निर्णयही त्यांवर अवलंबून असतो, म्हणून ते डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आधीच सांगा.

कोणाकडे? इथे लोक दोन दिवस घालवतात. मेंदूविकारतज्ज्ञ की कान-नाक-घसा तज्ज्ञ, याची चर्चा घरात चालू राहते आणि भेटीची वेळ तीन दिवसांनंतरची मिळते. नेहमीच्या बेल्स पाल्सीचं निदान आणि पहिलं औषध तुमचे जवळचे फॅमिली डॉक्टर किंवा आपत्कालीन विभागातले डॉक्टर देऊ शकतात. आज जे भेटतील त्यांच्याकडे जा. तज्ज्ञाची वेळ त्याच दिवशी मागून ठेवा, पण तिच्यासाठी औषध अडवून धरू नका.

## टप्पा ३: ७२ तासांच्या आतलं औषध

बेल्स पाल्सीत ठोस पुरावा असलेलं औषध एकच: तोंडानं घ्यायचं स्टिरॉइड, बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन. स्कॉटलंडमध्ये झालेली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी याचा मुख्य आधार आहे. त्यात लक्षणं सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत १० दिवसांसाठी औषध सुरू केलं होतं. तीन महिन्यांनी प्रेडनिसोलोन घेतलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांचा चेहरा पूर्ववत झाला होता, न घेतलेल्यांपैकी ६३.६ टक्क्यांचा. नऊ महिन्यांनी हेच आकडे ९४.४ आणि ८१.६ टक्के होते. म्हणजे औषधाविनाही बरेच जण बरे होतात, हे खरं. मात्र आपण त्या बऱ्या होणाऱ्यांत असू की नसू हे पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही.

प्रौढांसाठी प्रचलित मात्रा म्हणजे दिवसाला ५० मिलिग्रॅम १० दिवस, किंवा ५ दिवस ६० मिलिग्रॅम आणि नंतर रोज १० मिलिग्रॅमनं कमी करत जाणं. हे आकडे इथे देण्याचं कारण एवढंच की हातात पडलेल्या चिठ्ठीवर फारच कमी मात्रा किंवा दोन-तीनच दिवस दिसले तर तुम्हाला ‘असं का?’ हे विचारता यावं. स्वतःहून दुकानातून आणून सुरू करण्यासाठी ते नाहीत.

डॉक्टरांसमोर असताना हा क्रम पाळा:

१. कानात पाहायला सांगा. तिथले फोड, वाहणारा कान, पडद्यामागचा संसर्ग हे सगळं निदान बदलून टाकतं. कानासमोरची लाळग्रंथी हातानं चाचपून घ्यायला हवी. तिथली गाठही नस दाबू शकते.
२. लकव्याची श्रेणी लिहून मागा. १९८५ पासून वापरात असलेली हाउस-ब्रॅकमन श्रेणी १ ते ६ अशी असते. १ म्हणजे पूर्ण ठीक, ६ म्हणजे हालचाल शून्य. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असले तरी तुलना करता येते.
३. स्टिरॉइड देणार नसतील तर कारण विचारा. कारण योग्य असू शकतं, पण ते तुम्हाला कळायला हवं.
४. विषाणूविरोधी गोळ्यांची गरज आहे का ते विचारा. बेल्स पाल्सीत त्या एकट्यानं उपयोगाच्या नाहीत. लकवा तीव्र असेल तर काही डॉक्टर स्टिरॉइडच्या जोडीला देतात. कानात किंवा तोंडात नागिणीचे फोड असतील तर मात्र तो रॅमसे हंट आजार असतो. त्यात विषाणूविरोधी औषध आवश्यक असतं, उशीर परवडत नाही आणि ऐकण्याची तपासणीही करावी लागते.
५. डोळ्याच्या थेंबांची आणि मलमाची चिठ्ठी घेतल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नका.

लक्षणं नेहमीचीच असतील तर एमआरआय, सीटी स्कॅन किंवा रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी लागत नाही. ‘आधी एमआरआय करू, मग औषधाचं बघू’ असं ठरलं आणि त्यात दोन दिवस गेले, तर हाती आलेला स्वच्छ अहवाल त्या दोन दिवसांची भरपाई करत नाही. मेंदूच्या झटक्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्कॅन तातडीनंच व्हायला हवा.

औषध घेताना: गोळ्या सकाळी, काही खाल्ल्यावर घ्या, रात्री घेतल्या तर झोप उडते. मधुमेह असेल तर साखर वाढणार हे गृहीत धरा, ती रोज मोजा, आणि किती वाढली तर फोन करायचा ते आधीच विचारून ठेवा. काळी शौच, तीव्र पोटदुखी किंवा मनाची विचित्र अस्वस्थता जाणवली तर लगेच कळवा. ‘स्टिरॉइड वाईट असतं’ हे ऐकून चौथ्या दिवशी परस्पर बंद करणं ही नेहमीची चूक आहे. दहा दिवसांचा हा कोर्स आणि वर्षानुवर्षं घेतलेलं स्टिरॉइड यांची तुलनाच होत नाही.

घाबरू नका: औषध सुरू केल्यावरही अशक्तपणा वाढू शकतो. हा आजार साधारण तीन दिवसांत टोकाला पोचतो. पहिल्या दिवशी अर्धवट मिटणारा डोळा दुसऱ्या दिवशी अजिबात मिटेनासा झाला तर त्याचा अर्थ औषध लागू पडलं नाही असा होत नाही. पण आठवडा उलटूनही अशक्तपणा हळूहळू वाढतच असेल तर निदान पुन्हा तपासायला हवं.

७२ तास उलटून गेले असतील तर? तरीही जा. उशिरा सुरू केलेल्या स्टिरॉइडचा फायदा होतो याचा पुरावा कमी आहे आणि निर्णय डॉक्टर तुमची स्थिती पाहून घेतील. पण निदानाची खात्री आणि डोळ्याची काळजी यांना मुदत नसते.

लहान मुलं औषधाविनाही चांगली बरी होतात आणि त्यांच्यासाठी स्टिरॉइडचा पुरावा मोठ्यांइतका पक्का नाही. मुलांचा निर्णय बालरोगतज्ज्ञांवर सोडा. गरोदर स्त्रीच्या बाबतीत प्रसूतितज्ज्ञांना त्याच दिवशी विचारून घ्या. बी-१२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शनं सर्रास लिहिली जातात. घ्यायला हरकत नसते, पण ती स्टिरॉइडची जागा घेत नाहीत.

## टप्पा ४: डोळा – पहिल्या रात्रीपासून

वाकडं तोंड सगळ्यांना दिसतं आणि बहुधा सरळ होतं. कोरड्या पडलेल्या बुबुळावर जखम होऊन फूल पडलं तर नजर कायमची अधू होऊ शकते. तरीही लोक गालाला दिवसातून चार वेळा मालीश करतात आणि डोळ्यात एकदाही थेंब टाकत नाहीत. या लेखातला एकच भाग पाळायचा असेल तर तो हा पाळा.

दिवसा

१. कृत्रिम अश्रूंचे थेंब जागेपणी दर एक-दोन तासांनी. इतक्या वेळा घालायचे असल्यामुळे टिकाऊपणासाठी रसायन न मिसळलेले थेंब मागा. ते रसायन वारंवार गेलं तर डोळ्याला झोंबतं.
२. बाहेर पडताना बाजूंनी झाकणारा चश्मा. पंख्याचा झोत, एसी, धूळ यांच्यासमोर बसू नका. वाऱ्यानं लकवा वाढतो म्हणून नव्हे, तर उघडा डोळा वाऱ्यानं सुकतो म्हणून.
३. मधूनमधून बोटाच्या मागच्या बाजूनं वरची पापणी हलकेच खाली आणून डोळा मिटवा. हात स्वच्छ धुतलेले हवेत.
४. त्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स लावू नका.

रात्री

१. खालची पापणी जरा ओढून आतल्या खोबणीत डोळ्याचं वंगण-मलम बारीक रेघेइतकं घाला. यानं धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवण्याचं किंवा जिन्याचं काम आधी उरका.
२. पापणीच्या बाहेर आलेलं मलम पुसून त्वचा कोरडी करा. त्वचा तेलकट राहिली की पट्टी मध्यरात्री सुटते आणि डोळा पहाटेपर्यंत उघडा राहतो.
३. खाली बघा. वरची पापणी बोटानं खाली आणा, आणि पापणीचे केस आत वळलेले नाहीत ना ते पाहा.
४. त्वचेला सोसणारी कागदी वैद्यकीय पट्टी वरच्या पापणीवरून गालाच्या हाडापर्यंत तिरकी लावा.
५. दुसऱ्या कुणाला तरी जवळून बघायला सांगा. पांढरा भाग किंचितही दिसत असेल तर पट्टी काढा आणि पुन्हा लावा.

चूक: डोळा न मिटवताच वरून कापसाची किंवा गॉजची घडी बांधणं. पट्टीखाली डोळा उघडतो आणि गॉज रात्रभर बुबुळावर घासत राहतं. काहीही न बांधलेलं परवडलं, असा हा प्रकार आहे.

दुसरी चूक: ‘डोळ्यातून तर सारखं पाणी येतंय, मग कोरडा कसा?’ खालची पापणी सैल पडल्यामुळे अश्रू नीट वाहून जात नाहीत आणि गालावर ओघळतात. बुबुळ मात्र कोरडंच असतं. थेंब चालू ठेवा. डोळ्याची लाली घालवणारे थेंब हे काम करत नाहीत, आणि घरात उरलेले जुने स्टिरॉइडचे थेंब तर अजिबात घालू नका.

त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा: डोळा लाल होणं, दुखणं, काही खुपल्यासारखं वाटणं, उजेड सहन न होणं, नजर धूसर होणं आणि उघडझाप करूनही ती साफ न होणं, बुबुळावर पांढरा ठिपका. डोळा अजिबात मिटत नसेल तर यांपैकी काही नसलं तरी पहिल्या आठवड्यात एकदा दाखवून घ्या.

गाल ‘बधिर’ झालाय असं बरेच जण सांगतात. सुईच्या टोकाऐवजी कापूस लावून पाहा: स्पर्श बहुधा कळतो, फक्त गाल जड वाटत असतो. स्पर्शच कळत नसेल तर डॉक्टरांना सांगा. एक तर दुसऱ्या नसेचाही संबंध असू शकतो, आणि दुसरं म्हणजे अशा वेळी डोळ्याला इजा झाली तरी दुखून कळत नाही.

## टप्पा ५: पहिले तीन आठवडे

या काळात करण्यासारखं थोडंच असतं, आणि लोकांना नेमकं तेच सहन होत नाही.

खाताना छोटे घास घ्या आणि ते चांगल्या बाजूनं चावा. लुळ्या गालाच्या आत अन्न साचतं आणि कळतही नाही, त्यामुळे प्रत्येक जेवणानंतर चूळ भरा आणि त्या बाजूचे दात नीट घासा. पाणी पिताना ओठांचा लुळा कोपरा बोटानं धरला तर गळत नाही. गालाचं आतलं मांस चावलं जातं. जखम चिघळत असेल तर दाखवा. जिभेच्या पुढच्या भागाची चव गेलेली असू शकते आणि आवाज त्रास देऊ शकतात. दोन्ही कामं याच नसेच्या फांद्या करतात आणि नस सावरली की तीही सुधारतात. कानामागचं दुखणं साध्या वेदनाशामकानं आटोक्यात येतं, पण स्टिरॉइड चालू असताना कोणती गोळी चालेल ते विचारून घ्या. काही वेदनाशामकं स्टिरॉइडच्या जोडीला पोटाला बाधतात.

बोलताना, हसताना लुळ्या गालाला तळहाताचा आधार द्या. यामुळे चांगली बाजू चेहरा आपल्याकडे ओढत नाही.

शेक कोमट आणि थोडा वेळ. डोळ्यावर शेक नको. मालीश करायचीच असेल तर बोटांच्या टोकांनी, हलकी, ओठाच्या कोपऱ्याकडून कानाच्या दिशेनं वर. रगडून काही साधत नाही, कारण बिघाड गालात नाही, कानामागच्या हाडात आहे.

## टप्पा ६: फिजिओथेरपी

फिजिओथेरपिस्टला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भेटायला हरकत नाही. पण भेटीचा हेतू समजावून घेण्याचा असावा, स्नायू दमवण्याचा नव्हे. लुळ्या स्नायूत ताकद कमी झालेली नसते, त्याच्यापर्यंत आदेश पोचत नसतो. इथे जिममधलं गणित लागू होत नाही.

हालचाल शून्य असताना: आरशासमोर बसा. हालचाल मनात आणा, चांगली बाजू शांत ठेवा, आणि बोटानं लुळ्या बाजूला त्या दिशेला हलकी मदत करा. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. बस्स.

हालचाल दिसू लागल्यावर क्रम असा ठेवा:

१. भुवई किंचित वर.
२. डोळा हलकेच मिटणं, आवळून नाही.
३. नाक किंचित आक्रसणं.
४. ओठ मिटून छोटं स्मित.
५. ओठांचा चंबू.

प्रत्येक हालचाल सावकाश आणि मोजक्या वेळा करा. चांगल्या बाजूला इतकंच हलू द्या की दोन्ही बाजू सारख्या दिसतील. स्मित छोटं असलं तरी सरळ हवं. मोठं आणि वाकडं स्मित घोटत बसलात तर तीच सवय लागते.

तपासा: डोळा मिटताना ओठाचा कोपरा वर खेचला जातो का? ओठांचा चंबू करताना डोळा बारीक होतो का? असं होत असेल तर ती हालचाल थांबवा आणि थेरपिस्टला दाखवा. नसेचे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं वाढतात, आणि वाढताना काही वेळा चुकीच्या स्नायूला जाऊन जोडले जातात. मग हसायला गेलं की डोळा मिटतो, जेवताना डोळ्यातून पाणी येतं. हे बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमाराला लक्षात येतं. जोर लावून केलेले व्यायाम ते घालवत नाहीत, उलट घट्ट करतात.

फुगे फुगवणं, च्युइंग गम, गाल फुगवून धरणं. हे तीन सल्ले सगळीकडे मिळतात. चावण्याचे स्नायू वेगळ्या नसेवर चालतात, म्हणून गम चघळून चेहऱ्याच्या नसेला काहीच मिळत नाही. फुग्यात पूर्ण जोर लागतो आणि तो चांगल्या बाजूकडून येतो.

विजेचे झटके देणारं यंत्र. अनेक ठिकाणी हीच मुख्य थेरपी म्हणून रोज दिली जाते. तिनं चेहरा लवकर बरा होतो याचा भक्कम पुरावा नाही, आणि चुकीच्या जोडण्या वाढतील या भीतीनं चेहऱ्याच्या लकव्यावर विशेष काम करणारे बरेच थेरपिस्ट ती टाळतात. मला विचाराल तर त्या रोजच्या फेऱ्यांपेक्षा आरशासमोरची पाच मिनिटं बरी. यंत्र सुचवलं तर विचारा: कोणत्या टप्प्यावर, कशासाठी, आणि कधी थांबवायचं? ‘सगळ्यांनाच देतो’ हे उत्तर मिळालं तर दुसरा थेरपिस्ट शोधा. चेहऱ्याच्या स्नायूंना नव्यानं वळण लावण्याचं प्रशिक्षण घेतलेला थेरपिस्ट मिळाला तर उत्तम.

## टप्पा ७: तीन आठवडे आणि तीन महिने

दर आठवड्याला एकदाच, त्याच जागी, त्याच उजेडात व्हिडिओ काढा. रोज आरशात मोजमाप करू नका. रोजच्या आरशात सुधारणा दिसत नाही, निराशा मात्र दिसते.

तिसऱ्या आठवड्याची तपासणी. बहुतेकांना इथवर थोडी तरी हालचाल परत आलेली जाणवते: नाकपुडी हलणं, गालात बारीक ओढ. ती आली असेल तर पुढचा मार्ग बहुधा चांगला असतो. काहीच नसेल तर डॉक्टरांना पुन्हा भेटा. पूर्ण लकवा असलेल्या रुग्णात नसेची विद्युत चाचणीही करता येते, पण ती या तपासणीच्या आधीच करायची असते. नस किती तुटली याचा अंदाज देणारी चाचणी साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यानच अर्थपूर्ण असते. ती पहिल्याच दिवशी केली तर नस प्रत्यक्षात मरत असतानाही अहवाल चांगला दिसू शकतो. अर्धवट लकव्यात या चाचणीची गरज नसते.

तिसऱ्या महिन्याची तपासणी. चेहरा अजून पूर्ण सुधारला नसेल तर तज्ज्ञाकडे जायलाच हवं. ‘होईल हळूहळू’ म्हणून हे दुखणं अंगावर काढू नका. इथे दोन गोष्टी बघायच्या असतात. पहिली, निदान बरोबर होतं ना: एमआरआय आणि लाळग्रंथीची तपासणी आता योग्य ठरते. दुसरी, उरलेल्या अडचणीवर उपाय: चुकीच्या जोडण्यांसाठी थेरपी आणि स्नायू तात्पुरता सैल करणारं बोटुलिनम इंजेक्शन, न मिटणाऱ्या पापणीत बसवायचं छोटं वजन, आणि मोजक्या रुग्णांत नस किंवा स्नायू जोडण्याच्या शस्त्रक्रिया. हालचाल अजिबात परतलीच नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार फार लांबवू नये, कारण बराच काळ आदेश न मिळालेला स्नायू झिजून जातो.

लोकांत जायला नको वाटणं, फोटो टाळणं, जेवणाच्या पंगतीत न बसणं हेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे. चेहरा सुधारल्यावरही ते उरलं असेल तर समुपदेशकाची मदत घ्या.

या खुणा दिसल्या तर तीन महिने थांबूच नका: लकवा काही आठवड्यांत हळूहळू वाढत गेला, गाल सतत फडफडतो, दोन्ही बाजू एकदम लुळ्या पडल्या, चेहऱ्याची एखादीच फांदी, म्हणजे फक्त भुवई किंवा फक्त ओठ, लुळी आहे, कानासमोर गाठ लागते, एका बाजूचं ऐकू येणं गेलं, किंवा तीच बाजू पुन्हा लुळी पडली. बेल्स पाल्सी पुन्हा होऊ शकते, पण दुसऱ्या वेळी ‘मागच्या वेळचंच असणार’ असं धरून जुन्या चिठ्ठीवर औषध आणू नका. पुन्हा कपाळाच्या आठ्या, हात, बोलणं आणि चालणं तपासा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना मागच्या वेळचे व्हिडिओ आणि लिहून घेतलेली श्रेणी सोबत न्या.